बारा फुटांचं पातं, नऊ फुटांची पाणंद

यंत्रांमध्येही मानपान असतो आणि आमच्या नगर जिल्ह्यात पहिला मान जेसीबीचा. ते पिवळं धूड वेशीतून आत शिरलं की पारावरचा पत्त्यांचा डाव अर्धा राहतो, शाळेची मधली सुट्टी लांबते आणि ज्यांचा त्या खड्ड्याशी काडीचा संबंध नाही अशी माणसं कमरेवर हात ठेवून कडेला उभी राहतात. २०१९ साली तर अख्ख्या देशाने मोबाइलवर जेसीबीची खोदाई पाहण्यात दिवस घालवले. निवडणूक लागली की त्याच्याच बकेटमधून पुढाऱ्यावर फुलांचा आणि गुलालाचा पाऊस पडतो. क्रेनलाही मान आहे; साहेबांचा अजस्र हार तीच उचलते. रोडरोलर निदान जाड मित्राला चिडवायच्या कामी येतो. ग्रेडरला मात्र काही नाही. त्याला बकेट नाही, त्यामुळे फुलं उधळता येत नाहीत. त्याच्यावर उभं राहून भाषण करायची सोय नाही. निम्म्या गावाला त्याचं नावही ठाऊक नसतं. "तो लांबडा जेसीबी आलाय बघ," एवढ्यावर त्याची बोळवण होते.

दिसायला हे यंत्र नाकतोड्यासारखं. पुढे लांबच लांब सोट, त्याच्या टोकाला दोन चाकं, मागे इंजिन आणि चार चाकं, मधे काचेच्या पिंजऱ्यात ऑपरेटर आणि त्याच्या पुढ्यात, यंत्राच्या पोटाखाली, बारा फुटांचं पोलादी पातं. सगळी अक्कल या पात्याच्या जागेत आहे. ट्रॅक्टरमागे फळी बांधून शेतरस्ता सरळ करायचा उद्योग प्रत्येक गावात कोणीतरी करून पाहिलेला असतो. ट्रॅक्टरचं चाक खड्ड्यात उतरलं की मागची फळीही उतरते, आणि जुन्या खड्ड्याची हुबेहूब नक्कल थोडी पुढे तयार होते. ग्रेडरचं पातं मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे टांगलेलं असतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढून वीतभर उचललं गेलं, तरी पातं त्यातलं थोडंसंच उचलतं. मागची चाकं दोन-दोनच्या जोडीने झुलत्या दांड्यावर बसवलेली, त्यामुळे तिकडचा धक्काही निम्मा होऊन पोचतो. म्हणून हे यंत्र लांबडं. त्याची लांबी कापून आटोपशीर केली तर तोही ट्रॅक्टरमागच्या फळीइतकाच विद्वान होईल.

जुन्या ग्रेडरमध्ये ऑपरेटरपुढे डझनभर दांड्या असायच्या. एकीने पात्याची डावी बाजू वरखाली, दुसरीने उजवी, तिसरीने पातं आडवं सरकतं, चौथीने गोल फिरतं, पाचवीने पुढेमागे झुकतं, सहावीने पुढची चाकं कलतात, सातवीने यंत्र चक्क कमरेत वाकतं, आणखी एकीने दात जमिनीत रुतून कडक रस्ता उकरतात. हे सगळं चालता चालता, एकाच वेळी, आणि त्यातून गाडी शेताच्या बांधावर न चढवता. २००७च्या सुमारास कॅटरपिलर कंपनीने स्टिअरिंगच काढून टाकलं आणि दोन्ही हातांत एकेक जॉयस्टिक दिली. आमच्याकडे भाड्याने येणारे ग्रेडर बहुधा त्याआधीच्या घराण्यातले असतात. चांगला ऑपरेटर पात्याकडे फारसा बघतही नाही. उंचसखलपणा त्याला बसल्या जागी, बुडाखालून कळतो. ही विद्या पुस्तकात नाही. ती शिकायला वर्षं लागतात, आणि शिकलेला माणूस लगेच समृद्धी महामार्गासारख्या मोठ्या कामावर पळवला जातो. तिथे उपग्रहावरून खुणा घेऊन पातं आपोआप वरखाली करणारी यंत्रंही असतात. आमच्या वाट्याला येतो तो झारखंडचा एखादा तरुण. त्याचा हेल्पर त्याहून तरुण आणि त्याचा मोबाइल दोघांपेक्षा जुना.

ग्रेडर काम करू लागला की पहिला गोंधळ चाकांवरून होतो. पातं तिरकं धरून माती एका कडेला लोटायची असते. माती उलटा जोर लावते आणि यंत्राचं नाक दुसरीकडे वळू पाहतं. त्याला आवरायला पुढची दोन्ही चाकं मातीच्या जोराच्या विरुद्ध कलवतात. १८८५ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जोसेफ ॲडम्स नावाच्या माणसाने हे कलतं चाक घोड्यांनी ओढायच्या ग्रेडरला बसवलं. ही माहिती आमच्या शिवारात अजून पोचलेली नाही. त्यामुळे चाकं कलताना दिसली की बांधावरून हाळी येते, "आरं थांब, चाक निखळलं!" दोन-तीन जण हात वर करून आडवे पळतात. ऑपरेटरने समजावून सांगणं कधीच सोडलेलं आहे. तो हात जोडतो आणि पुढे जातो.

दुसरा गोंधळ मोठा आणि दिवसभर चालणारा. तो रस्त्याच्या पाठीवरून. ग्रेडरचं काम रस्ता सपाट करणं, असा लोकांचा पक्का समज आहे. त्याचं खरं काम रस्ता सपाट न ठेवणं हे आहे. मुरमाचा रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असावा लागतो. शंभराला चारच्या आसपास उतार धरतात. चार मीटर रुंद रस्ता असेल तर मध्यापासून कडेपर्यंत दोन मीटर, म्हणजे मध्य कडेपेक्षा आठ सेंटिमीटर वर. ही आठ सेंटिमीटर राहिली तर पाणी कडेच्या चरात उतरतं. गेली तर पाणी रस्त्यातच मुक्कामाला थांबतं, आणि उरलेलं काम पहिल्या पावसानंतरच्या चार ट्रॉल्या पार पाडतात.

पण बांधावर बसलेल्या समितीला हे मान्य नसतं. ही समिती कोणी नेमलेली नसते आणि तिची मुदत कधी संपत नाही. तात्या म्हणतात, "पैसं सपाट करायचं दिल्यात आन् ह्यो मधीच पाठ काढतोय." दुसरे म्हणतात, "माझ्या बाजूला उतार जास्त देतोय, समोरच्याने चहा पाजला वाटतं त्याला." ग्रेडर पुढे गेला की दोघे मिळून फावड्याने मधला उंचवटा ओढून चाकोऱ्यांत भरतात आणि समाधानाने घरी जातात. कडेला काढलेल्या चराचं आयुष्य तर त्याहून कमी. पुढच्या नांगरटीत ट्रॅक्टर बांधाच्या टोकापर्यंत जातो, वळताना चरात उतरतो, आणि चर शेतात विलीन होतो. गुंठ्याला भाव आलेला असताना पाण्याला जागा सोडणं कोणाच्या जिवावर येणार नाही?

नेवासे, शेवगाव, श्रीरामपूरकडच्या काळ्या मातीत हा प्रश्न चौपट अवघड. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल अशी भेगाळते, आणि वर टाकलेला मुरूम बिनतक्रार गिळते. एक किलोमीटर लांब, बारा फूट रुंद आणि सहा इंच जाड थर टाकायचा म्हटलं तर हिशेबाने जवळजवळ दोनशे ब्रास मुरूम लागतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॅक्टरची ट्रॉली एक ब्रासची असते असं ट्रॅक्टरवाला म्हणतो. ती पाऊण ब्रासची असते असं बघणारा म्हणतो. मोजमाप पुस्तकात काय लिहिलंय हे त्या पुस्तकालाच ठाऊक. पण मुरूम खरोखर दोनशे ब्रास पडला, ग्रेडरने नीट पसरला, पाणी मारून रोलरने दाबला, तरी मुरमाचा रस्ता दरवर्षी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर झिजतो. थोडा वाऱ्याबरोबर जातो, थोडा ओढ्यात, थोडा कडेच्या उसात आणि उरलेला आपल्या फुप्फुसांत.

पाणी मारायचं म्हटलं की आमच्या जिल्ह्याची खरी पंचाईत. कोरड्या मुरमावर ग्रेडर फिरवला तर धुरळ्याशिवाय काही हाती लागत नाही. ओल असली तरच कण एकमेकांना धरतात. सरकारी कामांना मात्र मार्चअखेरची घाई असते, आणि त्यातून राहिलेली कामं एप्रिल-मेमध्ये निघतात. तेव्हा पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या कितीतरी गावांत प्यायचं पाणीच टँकरने येत असतं. हंडे रांगेत लावून बायका उभ्या, आणि समोरून दुसरा टँकर त्यांच्यादेखत हजारो लिटर पाणी मुरमावर ओतत निघालेला. त्या टँकरच्या ड्रायव्हरला जे शब्द ऐकावे लागतात ते कोणत्याही निविदेत दिलेले नसतात.

जमिनीखालचा गाव तर वेगळाच. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने विहिरीपासून शेतापर्यंत मैलोन्‌मैल पाइपलाइनी नेल्या आहेत, आणि त्या प्रत्येकीने कुठे ना कुठे रस्ता आडवा ओलांडलेला आहे. कागदावर त्या खोल गाडलेल्या असतात. प्रत्यक्षात, "आत्ता पाणी सुरू करू, मागाहून खोल घेऊ," असं म्हणून ज्या खोलीवर ठेवल्या त्याच खोलीवर त्यांची दुसरी पिढी नांदते. ऑपरेटर उतरून विचारतो, "मालिक, नीचे पाइप है क्या?" मालक आभाळाकडे बघत म्हणतो, "न्हाय रे बाबा, चालव बिनधास्त." पंधरा पावलांवर पात्याखाली कड्‌ असा आवाज होतो आणि रस्त्याच्या मधोमध कारंजं उडतं. मग मात्र पाइपाला तीन मालक निघतात. एक म्हणतो माझी, दुसरा म्हणतो सामायिक, तिसरा म्हणतो भरपाई. या तिघांनी सकाळी सांगितलेलं असतं की खाली काही नाही. तेव्हापासून ऑपरेटर चालताना जागोजागी पातं उचलतो, आणि जिथे जिथे उचलतो तिथे तिथे एक उंचवटा शिल्लक राहतो. आमच्या पाणंदीतले गतिरोधक हे असे तयार झाले आहेत. एकेकाला विहिरीच्या मालकाच्या नावाने ओळखतात.

आता पाणंदीकडेच येऊ, कारण ग्रेडरचं आमच्याशी खरं भांडण तिथे आहे. गाव नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते. जुन्या मोजणीत जमीन साखळीने मोजत; साखळी तेहतीस फुटांची, आणि गाडीवाटेला निदान अर्धी साखळी, म्हणजे साडेसोळा फूट. ही नकाशावरची रुंदी. जमिनीवर दोन्ही बाजूंचे बांध वर्षाला चार-चार बोटं पुढे सरकत आलेले असतात. बांध सरकताना कोणी पाहिलेला नाही. वडिलांच्या वेळी दोन बैलगाड्या शेजारून जात, आता एकीला उसाची पानं दोन्हीकडून ओरबाडतात. तरी दोन्ही शेतकरी शपथेवर सांगतात की आपण जागचे हललो नाही. म्हणजे रस्ताच आपण होऊन बारीक झाला. उन्हाळ्यात काळी माती आकसते, तसं काहीतरी असावं.

अशा नऊ फुटांच्या पाणंदीत बारा फुटांचं पातं आलं की एकदम इतिहास उघडा पडतो. ग्रेडरच्या पात्याला सातबारा वाचता येत नाही, पण त्याच्याइतका स्पष्टवक्ता मोजणीदार दुसरा नाही. पातं दोन्ही टोकांनी बांधाला लागतं. काम थांबतं. सरपंच येतात, तलाठी भाऊसाहेब येतात (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावाने ते अजून मनावर घेतलेलं नाही), मोबाइलवर नकाशा मोठा करून बघतात. कोणीतरी १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचं पाचवं कलम सांगतं, म्हणजे अडवलेला रस्ता मोकळा करायचं. दुसरा १९६६च्या जमीन महसूल संहितेचं एकशे त्रेचाळीसावं सांगतो, म्हणजे बांधावरून नव्याने वाट मागायचं. आमच्या जिल्ह्यात ही कलमं लग्नाच्या पंगतीतही पाठ म्हणणारी माणसं भेटतात. पारनेर तालुक्यातून तर शिव-पाणंद शेतरस्त्यांची चळवळच उभी राहिली. त्यांच्यासारख्यांच्या रेट्याने २०२५ साली सरकारने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा असं ठरवलं. म्हणजे जवळपास ग्रेडरचं पातं. शासन आणि यंत्र यांचं एकमत झालेलं आहे. अडचण फक्त दोन बांधांची आहे.

तोवर तोड काढतो तो ऑपरेटर. तो कोणाशी वाद घालत नाही. चौथी दांडी ओढून पातं पंचेचाळीस अंशांत तिरकं करतो. बारा फुटांचं पातं तिरकं झालं की रुंदीत साडेआठ फूट भरतं आणि नऊ फुटांच्या पाणंदीतून दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं राखून निघून जातं. दोन पिढ्यांचा महसुली दावा आठवीच्या भूमितीने निकालात निघालेला मी एवढ्या एकाच ठिकाणी पाहिला. नेवाशातच माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी पसायदानात दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो असं मागणं मागितलं. ते मागणं बांधांपर्यंत पोचायला अजून वेळ आहे, असं दिसतं.

या यंत्राचा एक साधा भाऊबंद आमच्या शेतकऱ्यांना चांगला ओळखीचा वाटेल. १८९६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्याने पाऊस पडून गेल्यावर, चिखल जरा आळला असताना, आपल्या दारासमोरच्या रस्त्यावरून घोड्यांमागे जड लाकूड ओढलं. म्हणजे आपला मैंदच, फक्त ढेकळांऐवजी रस्त्यावर. दर पावसानंतर तो हे करत राहिला आणि शेजाऱ्यांचा रस्ता दलदल असताना त्याचा दगडासारखा झाला. पुढे त्याने उभा चिरलेला ओंडका वापरला, आणि ती साधी ओढणी अमेरिकाभर पसरली. रसेल कंपनीने १९१९च्या सुमारास ट्रॅक्टरला पातं जोडून पहिला मोटारग्रेडर काढला, १९२८ साली कॅटरपिलरने ती कंपनी विकत घेतली, आणि १९३१ साली स्वतःच्या इंजिनावर चालणारा अखंड ग्रेडर आला. यात मला किंगचं विशेष वाटतं. त्याच्याकडे निधी नव्हता, मंजुरी नव्हती. त्याने रस्ता बांधला असंही नाही. पाऊस पडला की लाकूड ओढायचं, एवढंच तो पुन्हा पुन्हा करत राहिला.

कच्च्या रस्त्याचं शास्त्रही तेच सांगतं. मुरमाच्या रस्त्यावर काही महिन्यांत आडव्या लाटा उठतात, पत्र्याच्या नाळ्यांसारख्या एकामागून एक. त्यांच्यावरून दुचाकी गेली की दात वाजतात आणि दुधाच्या किटलीत लोणी येऊ लागतं. गावात याचं खापर ठेकेदारावर फोडतात. खरं कारण गाड्यांचा वेग, हे कीथ मॅथर नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९६३ साली प्रयोग करून दाखवलं, आणि २००७ साली आणखी काही भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर चाक फिरवून पुन्हा तपासलं. चाकाला स्प्रिंग असो वा नसो, वाळू असो वा मुरूम, ठरावीक वेगाच्या पुढे लाटा उठतातच. म्हणजे ठेकेदार देवमाणूस असला तरी लाटा येणार. उपाय दोन. एक, सगळ्यांनी सावकाश चालायचं. हे पिकअपवाल्यांना कोण सांगणार? दुसरा, ग्रेडरने लाटांच्या तळापर्यंत कापून, ओल्या मुरमात मिसळून, पुन्हा पसरायचं. नुसत्या खोलगट जागा वरवर भरल्या तर आठवड्यात लाटा परत येतात.

खराब रस्त्यांच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला राष्ट्रीय दर्जाही आहे. नगरजवळ संरक्षण संशोधन खात्याची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना आहे, व्हीआरडीई. लष्करी आणि इतर गाड्यांची परीक्षा घ्यायला तिथे मुद्दाम खडबडीत केलेले चाचणी-मार्ग आहेत. परीक्षेचा रस्ता म्हटला की त्याचे खाचखळगे मापातच राहावे लागतात. आपोआप वाढून चालत नाहीत. म्हणजे आमच्या जिल्ह्यात खराब रस्ता खराब ठेवायचीही देखभाल होते. चांगला रस्ता चांगला ठेवायची मात्र कोणाची जबाबदारी हे विचारलं की सगळे एकमेकांच्या खात्याकडे बोट दाखवतात.

पूर्वी हे बोट दाखवायला एक माणूस होता. बांधकाम खात्यात मैलकुली नावाचं पद असे. त्याच्याकडे रस्त्याचा ठरावीक तुकडा. पाऊस पडला की तो खोरं-घमेलं घेऊन निघे, चर मोकळे करी, कडेला रचून ठेवलेल्या ढिगातला मुरूम खड्ड्यात टाकून धुमसाने ठोकी. त्याला मान नव्हता, पण खड्डा घमेल्याएवढा असतानाच बुजत होता. १९७२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या हजारो हातांनी सुकडीवर आणि मजुरीवर खडी फोडून रस्ते केले. त्यातल्या आज्या अजूनही एसटीच्या खिडकीतून बोट दाखवून सांगतात, "ह्यो रस्ता आमी फोडला." त्यातून पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली. रस्ते झाले. पुढे मैलकुली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत.

आता रस्त्याचा जन्म मोठा होतो. सरपंचांना बाराखडी आठवणार नाही, पण ३०५४, ५०५४ आणि २५१५ ही लेखाशीर्षं झोपेत विचारली तरी सांगतील. ५०५४ म्हणजे नवी बांधणी. तिला भूमिपूजन असतं, फ्लेक्स असतो, त्यावर सत्तावीस फोटो असतात, कुदळीला रिबन असते आणि नारळ असतो. ३०५४ म्हणजे देखभाल-दुरुस्ती. तिला नारळ नसतो. "अमुक साहेबांच्या शुभहस्ते चर साफ करण्याचा शुभारंभ" असा फ्लेक्स कोणी पाहिलाय? म्हणून ग्रेडर येतो तो एकदाच, रस्त्याच्या बारशाला. तात्यांनी पाठ ओढून नेलेली असते, चरात नांगर फिरलेला असतो, हंगाम सुरू झाला की उसाच्या दुहेरी ट्रॉल्या दोन चाकोऱ्या पाडतात, आणि तीन वर्षांनी तोच रस्ता "नवीन" म्हणून पुन्हा मंजुरीला जातो. अमेरिकेतल्या शेतीच्या मुलखात स्थानिक प्रशासनाचा ग्रेडर ठरलेल्या फेरीवर त्याच त्या रस्त्यांवरून फिरत राहतो. ऑपरेटरला कोणत्या वळणावर पाणी साचतं ते पाठ असतं. आमचा ऑपरेटर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात असतो आणि आमच्या पाणंदीची त्याला राहिलेली एकच आठवण म्हणजे कारंजं.

हिशेबाने बघितलं तरी दर तीन वर्षांनी "नवीन" रस्ता परवडणारा नाही. पात्याच्या एका फेरीला लागतं काही तासांचं भाडं, डिझेल आणि ऑपरेटरचं जेवण. दोनशे ब्रास मुरमाचा खर्च, स्वामित्वधनाच्या पावत्या, तांत्रिक मान्यता आणि फ्लेक्स धरून बेरीज करा, म्हणजे कळेल. शिवाय २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर वाटा, विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या आणि जुन्या दुरुस्तही केल्या. त्यांचं नाव पाटीवर लावलं तर पाटीपुढचा रस्ता जुन्या नावाचाच राहून कसं चालेल?

तेव्हा पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची असो, १ मेची, १५ ऑगस्टची किंवा २ ऑक्टोबरची, तिला जा. पाटपाण्याचा आणि घरकुलांचा विषय संपून माणसं चपला शोधू लागली की उठा आणि एवढाच ठराव मांडा: पाऊस लागण्याआधी एकदा, पाऊस उघडून ओल असताना एकदा आणि ऊस तुटून गेल्यावर एकदा, आपल्या पाणंदीतून भाड्याचा ग्रेडर फिरावा. पाइपलाइन कुठे आहे ते त्याच सभेत खरं खरं सांगून टाका. मधला उंचवटा फावड्याने ओढायचा नाही हेही इतिवृत्तात लिहून घ्या, तात्यांच्या सहीसकट. आणि नारळ फोडल्याशिवाय कोणाला चैन पडत नसेल तर तिन्ही वेळा फोडा; ऑपरेटरला खोबरं आवडतं.